फुटक्या जहाजाचा सवाल

मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, जहाजांतून निघालेल्या वस्तू विकणारी काही दुकाने आहेत. दारूखान्यात आणि अलंगला फोडल्या जाणाऱ्या जहाजांतले जे काही वितळवण्यापेक्षा विकणे परवडते, ते हळूहळू येथे येऊन पोहोचते: पितळी चौकटीच्या गोल खिडक्या, होकायंत्रे, दिवे, भिंतीवरची घड्याळे. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुकानात बुडत्या माणसाकडे फेकतात ते पांढरे-तांबडे कडे मला टांगलेले दिसले. अशा कड्यावर एरवी जहाजाचे नाव लिहिलेले असते. येथे त्या नावावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवलेला होता आणि रंगाखालून दोन-तीन अक्षरांचा नुसता उठाव बोटांना जाणवत होता. जहाज कोणते, असे मी विचारले. दुकानदार वयस्कर होता. म्हणाला, "नाव जाऊ द्या हो साहेब, माल बघा." मी काही न घेता परत आलो, परंतु ते खोडलेले नाव मनातून गेले नाही, आणि त्याच्या मागोमाग बऱ्याच वर्षांपूर्वी वाचलेली एक कादंबरी पुन्हा हाती घ्यावीशी वाटली.

ही कादंबरी म्हणजे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आणि त्याचा सावत्र मुलगा लॉइड ऑस्बर्न यांनी मिळून लिहिलेली 'द रेकर'. ती 1891-92 मध्ये 'स्क्रिब्नर्स मॅगझिन'मधून क्रमशः आली आणि 1892 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. आपल्याकडील इंग्रजीच्या अभ्यासक्रमांत स्टीव्हन्सन भेटतो तो 'ट्रेझर आयलंड'चा, फार तर 'जेकिल अँड हाइड'चा. 'द रेकर'चे नाव एम.ए. झालेल्या विद्यार्थ्यांनीही बहुधा ऐकलेले नसते. जे समीक्षक तिचा उल्लेख करतात ते तिला पसरट, सैल बांधणीची, दोन हातांनी लिहिल्यामुळे दुभंगलेली असे म्हणून पुढे जातात. या आक्षेपांत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कादंबरीचा पहिला चतुर्थांश पॅरिसमधील चित्रकार-शिल्पकारांच्या गप्पांत जातो आणि मूळ कथानकाला हात लागेपर्यंत वाचकाचा धीर सुटू लागतो. परंतु फुटलेले जहाज लिलावात विकत घेणे या एका व्यवहारावर उभी असलेली दुसरी एवढी गंभीर कादंबरी माझ्या वाचनात नाही, आणि खरेदी म्हणजे काय याविषयी ती जे सांगते ते आपण पुरेसे लक्ष देऊन ऐकलेले नाही असे मला वाटते.

कादंबरीच्या जन्माची हकीकत स्टीव्हन्सनने स्वतःच उपसंहारात दिली आहे. 'इक्वेटर' नावाच्या स्कूनरवरून पॅसिफिकमध्ये प्रवास करताना एका चांदण्या रात्री फुटलेल्या जहाजांच्या विक्रीचे काही किस्से या दोघांच्या कानावर पडले आणि त्यांतून हे सूत्र सुचले. त्याआधी 1889 च्या पूर्वार्धात स्टीव्हन्सनचा मुक्काम होनोलुलूला होता, आणि 1888 मध्ये मिडवे बेटावर फुटलेल्या 'वाँडरिंग मिन्स्ट्रेल' या जहाजाची गोष्ट त्या काळी त्या बंदरात ताजी होती. कादंबरीतील जहाजही मिडवेवरच फुटते, हा योगायोग नव्हे.

कथानक थोडक्यात असे. लाउडन डॉड हा पॅरिसमध्ये शिल्पकार होऊ पाहिलेला आणि न झालेला अमेरिकन तरुण. त्याचा मित्र जिम पिंकर्टन सॅन फ्रान्सिस्कोत नाना उद्योग करतो. व्यापार हेच त्याचे काव्य आहे. मिडवेच्या वाळूत रुतलेल्या 'फ्लाइंग स्कड' या इंग्रज ब्रिगचा, आतल्या तांदूळ, चहा, रेशीम अशा मालासह, शहरात लिलाव पुकारला जातो. जहाज हजार मैलांपलीकडे. बोली लावणाऱ्यांपैकी कुणीही ते पाहिलेले नाही. फुटकी जहाजे घेणाऱ्यांचे आपसात संगनमत आहे, आपल्याकडे ज्याला लिलावात 'रिंग करणे' म्हणतात तेच. आणि यावेळी पाळी पिंकर्टनची आहे. शंभर डॉलरांत जहाज पदरात पडणार, वरचे सगळे नफ्यात, असा त्याचा हिशेब.

आणि मग बेलेअर्स नावाचा एक कळकट, पोटभरू वकील बोलीवर बोली चढवू लागतो.

हे प्रकरण विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावे. येथे ना वादळ आहे ना तलवारबाजी. एक खोली, एक लिलाव पुकारणारा आणि दोन बाजू. रक्कम मालाच्या किमतीपर्यंत चढते, तीही ओलांडते, आणि तरीही थांबत नाही. बेलेअर्स स्वतःसाठी बोलत नाही, त्याच्यामागे कुणी तरी अदृश्य माणूस आहे, हे उघड आहे. पिंकर्टन आणि डॉड त्या क्षणापासून जहाजाचा विचार करणे सोडून देतात. ते त्या अदृश्य माणसाचा विचार करू लागतात. इतके पैसे कुणी लावत असेल तर आत काही तरी असलेच पाहिजे. ते काय असेल? चीनहून आलेले जहाज. म्हणजे चोरटी अफू! बेलेअर्सची प्रत्येक बोली त्यांच्या दृष्टीने या तर्काचा नवा पुरावा ठरते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. येथे ती पन्नास हजार डॉलरांची होते. तेवढ्याला जहाज डॉड-पिंकर्टन यांच्या नावावर लागते आणि ते पैसे उभे करताना त्यांची पेढी कर्जात रुतते, जवळजवळ त्या जहाजाइतकीच.

या प्रसंगाचे मर्म अर्थशास्त्राने फार उशिरा ओळखले. 1971 मध्ये समुद्रतळाच्या तेलाच्या ठेक्यांविषयी लिहिताना तीन अमेरिकन अभियंत्यांनी असे दाखवून दिले की, ज्या वस्तूची खरी किंमत कुणालाच ठाऊक नाही तिच्या लिलावात जिंकणारा हा बहुधा सर्वांत जास्त चुकलेला माणूस असतो. पुढे याला 'विजेत्याचा शाप' असे नाव पडले, आणि लिलावांच्या सिद्धान्तासाठी मिलग्रॉम आणि विल्सन यांना 2020 चे नोबेलही मिळाले. परंतु स्टीव्हन्सनचा प्रसंग या सिद्धान्तात पुरता मावत नाही. त्या दोघांच्या तर्कात चूक होती ती आकड्याची नव्हे. समोरचा एवढी किंमत देतो आहे ती आत काही मिळवण्यासाठी, हे त्यांनी गृहीत धरले. तो ती आत असलेले काही लपवण्यासाठी देत असेल, हे त्यांच्या मनातही आले नाही. भीतीलाही हाव समजावे, एवढे बाजाराने त्यांचे कान घडवलेले होते.

येथे थोडे विषयांतर करतो. 'लिलाव' हा आपला शब्द पोर्तुगीज 'लेलाव'वरून आला, म्हणजे तोही समुद्रमार्गेच किनाऱ्याला लागला. 1583 मध्ये गोव्यात उतरलेल्या लिन्स्कोटेन या डच प्रवाशाने तेथील मुख्य रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन करून ठेवले आहे. अरबी घोडे, मसाले, कापडचोपड, गुलाम असे सगळे तेथे पुकारले जाई. आणि कुणी मेला की त्याचे सामानसुमानही तेथेच येई. मेलेल्याची वस्तू गर्दीत उभी करून तिला नवा धनी मिळवून देणे, हे काम या शब्दाबरोबरच आपल्याकडे आले. मराठी कथा-कादंबरीत आणि चित्रपटांत मात्र लिलाव आणि जप्ती आली ती बहुतांशी विकल्या जाणाऱ्याच्या बाजूने. बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'पासून (1925) आपण उभे राहिलो ते ज्याची जमीन जाते त्याच्या शेजारी. हे योग्यच होते; आपल्या इतिहासाने तीच जागा आपल्याला दिली. पण त्यामुळे एक गोष्ट राहून गेली. त्या अंगणात दुसऱ्या बाजूला उभा असलेला, सावकार नसलेला, केवळ स्वस्तात मिळते आहे म्हणून आलेला साधा गिऱ्हाईक आपल्या साहित्यात फारसा बोलत नाही. त्याने घरी नेलेल्या तांब्याभांड्यांचे पुढे काय झाले, त्यांवर कोरलेली नावे त्याने घासून काढली की तशीच ठेवली? 'द रेकर' ही त्या गिऱ्हाईकाची कादंबरी आहे.

डॉड मिडवेला पोहोचतो आणि खलाशांना हाताशी घेऊन जहाज अक्षरशः उकलतो. तांदळाच्या गोणी फोडल्या जातात, फळ्या उचकटल्या जातात, कुऱ्हाडी चालतात. थोडी अफू सापडतेही, पण पन्नास हजारांच्या मानाने ती किरकोळ. जहाजाचे रहस्य कुऱ्हाडीने निघत नाही. ते एका छायाचित्रात असते. जहाजाच्या कप्तानाचा आणि खलाशांचा फोटो डॉडला सापडतो, आणि त्यातला कॅप्टन ट्रेंट हा सॅन फ्रान्सिस्कोत त्याने डोळ्यांनी पाहिलेला ट्रेंट नव्हे! बचावून आलेल्यांनी जी नावे सांगितली ती त्यांची नव्हती. (संहिता उकलण्याच्या नादात तिच्या तळाच्या फळ्या उखडणाऱ्या आम्हा समीक्षकांना या प्रसंगात थोडे अवघडल्यासारखे होते, तेवढ्याने तो रूपक ठरवण्याचे कारण नाही.)

खरी घटना बरीच पुढे, नॉरिस कार्थ्यू या तरुणाच्या निवेदनातून कळते, आणि माझ्या मते कादंबरीची खरी जोड येथे जुळते. कार्थ्यू आणि त्याचे सोबती स्वतःची स्कूनर निकामी झाल्यामुळे मिडवेवर अडकलेले असतात. त्यांच्याजवळ व्यापारात केलेली कमाई एका पेटीत आहे. 'फ्लाइंग स्कड' तेथे येते. आता सुटका झाली, असे त्यांना वाटते. परंतु ट्रेंट हा घासाघिशीत मुरलेला माणूस. या लोकांना बेटावरून नेण्याचे तो किती घेणार? तो आधी पेटीत किती आहे ते काढून घेतो आणि मग तेवढे सगळे मागतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे त्याला पक्के ठाऊक आहे. फक्त हरीच्या हातात सुरी असू शकते, याचा त्याला विसर पडतो. एकाचा संताप अनावर होतो, आणि मग एका खुनातून दुसरा, साक्षीदार उरू नये म्हणून तिसरा, असे करत त्या जहाजावर कुणी जिवंत ठेवले जात नाही. हे कत्तलीचे प्रकरण वाचवत नाही. पुढे जहाज वाळूत रुतते, एक इंग्रज युद्धनौका येते, आणि मारणारे मेलेल्यांची नावे धारण करून तिच्यावर चढतात.

सॅन फ्रान्सिस्कोतील बोलाचाली आणि मिडवेच्या केबिनमधील बोलाचाली एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्हीकडे वस्तूला स्वतःची अशी किंमत नाही. पहिल्या ठिकाणी विचारले जाते, समोरचा कुठपर्यंत जाईल? दुसऱ्या ठिकाणीही तेच. समुद्रावरचा जुना दंडक असा की, माल आणि जहाज वाचवणाऱ्याला मोबदला मागता येतो. माणसे वाचवणे हे कर्तव्य, आणि वाचलेल्या माणसाकडून त्याचे दाम घ्यायचे नसतात. 1910 च्या ब्रुसेल्स करारात हे स्पष्ट शब्दांत आले. ट्रेंटने हा दंडक मोडला. त्याने माणसांच्या जिवाचा लिलाव मांडला, बोली लावणारे एकच गिऱ्हाईक असताना. लिलावाच्या खोलीत पिंकर्टनने दंडक वगैरे काही मोडला नाही. त्याने कायदेशीर जागी, कायदेशीर रीतीने, एका भेदरलेल्या माणसाच्या असहायतेवर बोली चढवली, आणि ती असहायता त्याला दिसलीच नाही. कादंबरी या दोघांना एका मापाने मोजत नाही. पिंकर्टन हा तिच्यातला सर्वांत लोभस माणूस आहे, ट्रेंट हलकट आहे. तरीही दोघांच्या तोंडचा प्रश्न एकच आहे, हे वाचकाच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

नौकानयनाच्या कायद्यात एक विलक्षण तरतूद असते. कर्जापोटी न्यायालयाने जहाज अडकवले आणि लिलावात विकले, की खरेदीदाराला ते मागच्या सगळ्या देण्यांपासून, गहाणांपासून, दाव्यांपासून मुक्त होऊन मिळते. आपल्या 2017 च्या नौकाधिकारितेच्या कायद्यातही हे कलम आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या हुकमाने विकल्या जाणाऱ्या जहाजांना ते लागू होते. 'जसे आहे तसे, जेथे आहे तेथे' विकत घ्यायचे; पण घेतले की ते धुऊन निघते. 'फ्लाइंग स्कड'चा लिलाव न्यायालयाचा नव्हता, फुटलेल्या जहाजाची रीतसर विक्री होती, परंतु कल्पना तीच आहे: हातोडा पडला, मागचे संपले. व्यापाराला ही कल्पना आवश्यक आहे. जहाजाची सर्व पूर्वपापे नव्या धन्याच्या माथी मारली तर फुटके जहाज कुणी घेणारच नाही, आणि ते जेथे आहे तेथे सडेल.

मेरी सेलेस्ट या जहाजाची गोष्ट सर्वांना माहीत आहे. 1872 च्या डिसेंबरात ते अटलांटिकमध्ये माणसांवाचून तरंगताना सापडले. त्याआधीची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. त्याचे मूळ नाव 'ॲमेझॉन'. 1867 मध्ये केप ब्रेटनच्या किनाऱ्यावर ते आपटले, मालकांनी ते फुटके म्हणून सोडून दिले, आणि हातोहात फिरून 1868 मध्ये न्यूयॉर्कच्या एका माणसाने ते 1,750 डॉलरना घेतले. दुरुस्तीला त्याने त्याच्या पाचपट खर्च केला, आणि त्या वर्षअखेर जहाजाची नोंद नव्या नावाने झाली. नाव बदलणे हेही धुणेच. रहस्य शोधणाऱ्यांनी त्या दहा माणसांविषयी हजारो पाने लिहिली. 1885 मध्ये विम्याच्या पैशासाठी हैतीजवळ ते मुद्दाम खडकावर घातले गेले, हे त्या पानांत शेवटच्या ओळीला येते. खरेदी-विक्रीत कुणाला गूढ दिसत नाही, हा आपल्या कल्पनाशक्तीचा दोष आहे.

आपल्याकडे याच्या नेमके उलटही घडलेले आहे. विमानवाहू 'विक्रांत' 2014 मध्ये लिलावात भंगार म्हणून गेली, दारूखान्यात फुटली, आणि दोन वर्षांनी तिचे पोलाद घातलेली मोटारसायकल बाजारात आली. तेथे नाव पुसले गेले नाही. उलट धातूपेक्षा नावालाच भाव आला. अभिमानाचे नाव ठेवायचे आणि बाकीच्यांवर पांढरा रंग फिरवायचा, असा हा एकूण रिवाज दिसतो.

डॉडचे काय होते, हा कादंबरीवरील सर्वांत मोठ्या आक्षेपाचा विषय आहे. तो कार्थ्यूचा माग काढत जातो, सत्य कळते, आणि तो त्याला पकडून देत नाही. त्याच्याशी मैत्री करतो, त्याच्या पैशावर पॅसिफिकमध्ये व्यापार करू लागतो, आणि ही सगळी कथा मार्केसास बेटांवर मित्राला सांगतो. शेवट ढिला पडला, नैतिक प्रश्न सोडून दिला, लेखक कंटाळले, असे यावर म्हटले जाते. मला हा शेवट कंटाळ्याचा वाटत नाही. ज्या माणसाने ते जहाज विकत घेतले त्याने त्याचे रक्तही विकत घेतले. कायद्याने ते धुतले गेले असेल. डॉडच्या बाबतीत धुतले गेले नाही, आणि तो धुऊन घेण्याचा आवही आणत नाही. तो त्या गुन्ह्याचा मालक होतो. मौन हा त्याच्या मालकीचाच भाग आहे. त्याला वाईट माणूस म्हणता येत नाही, आणि हेच वाचकाला सहन करावे लागते. ज्या वाचकाला येथे फाशी किंवा पश्चात्ताप हवा असतो त्यालाही, हातोडा पडला की हिशेब संपावा, असेच वाटत असते.

कार्थ्यूविषयी मात्र माझी तक्रार आहे. लेखकांनी त्याला फार लवकर माफ केले. तो उमद्या घरचा, हळवा, चित्रे काढणारा आहे म्हणून त्याच्या हातचे रक्त आपल्याला कमी लाल दिसावे अशी व्यवस्था निवेदनात आहे, तर त्याच्या साथीदारांच्या वाट्याला ती सवलत त्या मानाने येत नाही. जहाजावर मारल्या गेलेल्यांपैकी बहुतेकांना तर फोटोपलीकडे चेहराच नाही. स्टीव्हन्सनसारख्या लेखकालाही वर्गाचा हा मोह आवरला नाही, याची नोंद करायला हवी.

गेल्या वर्षी हे लिलावाचे प्रकरण मी वर्गात वाचून दाखवले. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ते पन्नास हजार शेवटी कुणाचे गेले?" मी म्हणालो, पिंकर्टनचे, त्याचे दिवाळे निघते. ती म्हणाली, "दिवाळे निघाले म्हणजे त्याने दिलेच नाहीत ना. ज्यांनी त्याला उसने दिले होते त्यांचे गेले." मी घरी येऊन ती पाने पुन्हा चाळली. धनको आहेत, ते चिडतात, कुजबुजतात, जे मिळेल ते घेऊन गप्प बसतात. कादंबरीभर त्यांच्यातल्या एकाचीही ओळख अशी आपल्याला होत नाही.